निकाल आधीच माहीत असताना जुन्या बॉक्सिंग लढती पुन्हा पाहून स्वतः गुण का द्यायचे? आणि हॅगलर–लेनर्ड लढत तुमच्या मते कोण जिंकलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझ्या ताज्या कार्डावर, म्हणजे फेरीगणिक गुण लिहिलेल्या कागदावर, लेनर्ड 115–113 ने जिंकतो. सहा वर्षांपूर्वीच्या कार्डावर हॅगलर 115–113 ने जिंकला होता. दोन्ही कार्डं एकाच वहीत आहेत आणि दोन्ही मी मनापासून भरली होती. मधल्या काळात लढत तीच राहिली, माझं बघणं बदललं. ते कसं बदललं हे सांगितलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

मी सांगलीकडचा. लहानपणी वडिलांबरोबर जत्रांमधली कुस्तीची मैदानं पाहिली. तिथे मान निकाली कुस्तीला. पाठ लागली की हलगी कडाडते, पैलवानाला खांद्यावर घेतात, विषय संपतो. बॉक्सिंगमध्येही नॉकआउट झाला तर असंच होतं. पण दोघंही शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले, तर रिंगच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन माणसांच्या कागदावर निकाल ठरतो. मला हे कित्येक वर्षं खटकायचं. डोळ्यांसमोर झालेल्या लढतीचा निकाल तिघांनी मिळून का सांगायचा, असं वाटायचं. स्वतः कागद घेऊन बसलो तेव्हा ते काम किती अवघड आहे हे पहिल्यांदा कळलं.

(मराठीत ‘पंच’ म्हणजे निवाडा करणाराही आणि बॉक्सिंगमधला ठोसाही. गोंधळ नको म्हणून इथे जज आणि ठोसा असेच शब्द वापरतो.)

नियम थोडक्यात असा. प्रत्येक फेरी स्वतंत्र. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. कोणी खाली पडला तर त्याला साधारण 8. आधीच्या फेरीत काय झालं ते घंटा वाजली की विसरायचं. बघायच्या गोष्टी चार: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातला ‘परिणामकारक’ हा शब्द मी सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाचून सोडून देत होतो. जो पुढे चालत येतो तो जिंकतोय असंच मला वाटायचं. पण पुढे येताना तोच मार खात असेल, तर त्या चालण्याला गुण नाहीत.

आता हॅगलर–लेनर्ड. 6 एप्रिल 1987, लास वेगासमधलं सीझर्स पॅलेस. मार्विन हॅगलर 1980 पासून मिडलवेट या वजनगटाचा विजेता होता आणि 1976 नंतर हरलेला नव्हता. शुगर रे लेनर्डच्या डोळ्याच्या पडद्याचं 1982 मध्ये ऑपरेशन झालं होतं. त्यानंतरच्या पाच वर्षांत तो एकदाच, 1984 मध्ये, लढला होता, आणि त्या लढतीत जमिनीवरही पडला होता. हॅगलर त्याला मोडून काढणार असंच बहुतेकांना वाटत होतं. लेनर्डच्या बाजूने लढतीआधीच्या बोलणीत मोठी रिंग आणि 15 ऐवजी 12 फेऱ्या मागून घेतल्या. हॅगलरने जास्त पैसे घेऊन ते मान्य केलं. मला वाटतं लढतीचा अर्धा निकाल तिथेच लागला.

दुसरी गोष्ट हॅगलरने स्वतःच्या हाताने केली. तो डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा, सगळी धास्ती त्याचीच. पण सुरुवातीला तो उजव्या पवित्र्यात उभा राहिला. पहिल्या दोन फेऱ्या त्याने अशाच घालवल्या. का, ते मी वीस वेळा पाहूनही समजू शकलेलो नाही. 12 फेऱ्यांच्या लढतीत दोन फेऱ्या आंदण देणं किती महाग पडतं त्याचा हिशोब करून बघा. सात फेऱ्या एकाच्या आणि पाच दुसऱ्याच्या असतील तर बेरीज 115–113 होते. त्यातली एकच फेरी इकडून तिकडे गेली तर 114–114, म्हणजे बरोबरी.

त्या रात्री एका जजने 115–113 हॅगलर दिलं, दुसऱ्याने 115–113 लेनर्ड, आणि तिसऱ्याने 118–110 लेनर्ड. तिसऱ्या कार्डाचा अर्थ हॅगलरला बारापैकी दोनच फेऱ्या. मी ही लढत कितीही उदार मनाने पाहिली तरी ते कार्ड मला पटत नाही. पाचव्या फेरीत हॅगलरच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) लेनर्ड हलला होता, आणि मधल्या फेऱ्यांत तो दोरांना टेकून श्वास घेताना स्पष्ट दिसतो.

पहिल्यांदा गुण दिले तेव्हा मी हॅगलरच्या बाजूने होतो, आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो. पेपरात चार ओळी आणि एक धूसर फोटो. मनात बसलं ते एवढंच, की मेहनती माणसाला देखण्या माणसाने हरवलं. पुढे अमेरिकेतल्या ब्रॉक्टन गावचा हॅगलर, त्याचं तुळतुळीत डोकं, 1979 मध्ये विटो अँटुओफेर्मोबरोबर याच सीझर्स पॅलेसमध्ये त्याच्या पदरात पडलेली बरोबरी (ती लढत तो जिंकला होता असं मला आजही वाटतं) हे सगळं वाचत गेलो आणि बाजू पक्की होत गेली. त्या कार्डात प्रत्येक काठावरची फेरी हॅगलरला गेली होती. एकही लेनर्डला गेली नव्हती. सहा महिन्यांनी वही चाळताना हे लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं. काठावरच्या सगळ्या फेऱ्या एकाच माणसाच्या पदरात पडत असतील, तर दोष बहुतेक वेळा डोळ्यात असतो.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. आवाज पूर्ण बंद. समालोचकाचा सूर आणि गर्दीचा आरडाओरडा दोन्ही गुणांत शिरतात. गर्दी लेनर्डचा हात हलला तरी ओरडत होती, ठोसा लागो न लागो. घंटा वाजली की मिनिटाभराच्या विश्रांतीतच गुण लिहायचे आणि शेजारी कारणाचं एक वाक्य. ‘हॅगलर, शरीरावरचे ठोसे’, ‘लेनर्ड, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पाय’ एवढं पुरे. फेरी काठावरची वाटली तर बाजूला टिंब. दहा-दहा देऊन सुटका करून घ्यायची नाही. शेवटी टिंबं मोजायची. टिंबं सहा असतील आणि फरक दोन गुणांचा असेल, तर ‘दरोडा पडला’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. बारा फेऱ्या आणि अकरा विश्रांत्या मिळून 47 मिनिटं होतात. एका बैठकीत एकच लढत पाहा. दुसरी लावली की लक्ष ढिलं पडतं.

या लढतीसाठी मी आणखी एक गोष्ट केली, आणि तीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. लेनर्ड प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांची सर लावायचा. त्याच्या कोपऱ्यातून वेळ ओरडून सांगितली जायची आणि तो दोर सोडून पुढे यायचा. म्हणून मी प्रत्येक फेरी अडीच मिनिटांवर थांबवली, तोवर कोण पुढे आहे ते पेन्सिलने लिहिलं, मग उरलेली तीस सेकंदं पाहून पेनने लिहिलं. चार फेऱ्यांमध्ये पेन्सिल आणि पेन जुळलं नाही. पेन्सिलचं कार्ड हॅगलरचं होतं, पेनचं लेनर्डचं.

मग प्रश्न पडतो, ती तीस सेकंदं गुण देण्याइतकी खरी होती का? त्यातले बरेच ठोसे हातमोज्यांवर आणि दंडांवर लागलेत. संथ गतीत पाहिलं की कळतं. पण काही स्वच्छ लागलेतच, आणि हॅगलरचेही कितीतरी ठोसे हवेत गेलेत, कारण लेनर्ड तिथून निघून गेलेला असतो. त्या रात्रीच्या मोजणीत लेनर्डचे 629 पैकी 306 ठोसे लागले, हॅगलरचे 792 पैकी 291. हॅगलरने जास्त फेकले आणि कमी लावले. तो सतत पुढे येत होता हे खरं, पण लढत कुठे आणि कोणत्या वेगाने व्हायची हे लेनर्ड ठरवत होता. रिंगवरचा ताबा म्हणतात तो हा. पूर्वी मी याला पळपुटेपणा म्हणायचो. आता म्हणत नाही.

तरी हॅगलरचे ठोसे जड होते, आणि जडपणाला किंमत देणारा माणूस ही लढत त्याला देईल. मला ते चुकीचं वाटणार नाही. हॅगलर पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. इटलीत जाऊन राहिला, 2021 मध्ये वारला, आणि ही लढत आपणच जिंकली असं तो कायम सांगत राहिला. मी लेनर्डला गुण देतो तेव्हाही त्याचं हे वाक्य मनातून जात नाही.

म्हणजे सगळ्याच निकालांवर दोन मतं असतात असं नाही. 10 सप्टेंबर 1993 ची पर्नेल व्हिटेकर–हुलिओ सेझार चावेझ लढत पाहा. सॅन अँटोनिओचं अलामोडोम, गर्दी चावेझची, आणि चावेझ तोवर एकदाही हरलेला नव्हता. दोन जजांनी 115–115 दिलं, एकाने 115–113 व्हिटेकर, म्हणजे निकाल बरोबरी. मी तीन वेळा गुण दिले, तिन्ही वेळा व्हिटेकर स्पष्ट पुढे. टिंबं दोन-तीनच. चावेझसारख्या माणसाला तो जवळ उभा राहून, कंबरेतून वाकून, ठोसा बोटभर अंतराने चुकवत खेळवतो. बचावालाही गुण असतात हे ज्याला पटत नाही, त्याने ही लढत आवाज बंद करून पाहावी.

1999 ची लेनॉक्स लुईस–होलिफील्ड पहिली लढतही त्याच जातीची. तिचाही निकाल बरोबरी. पाचव्या फेरीत लुईस होलिफील्डला दोरांवर कोंडून मारतोय आणि एका जजने ती फेरी होलिफील्डला दिली. ती फेरी एकटी काढून पाहिलीत तरी चालेल.

फार जुन्या लढती पाहताना त्या वेळी गुण कसे देत होते ते आधी बघून घ्या. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकात फेऱ्या मोजत, दहा-नऊ नव्हतं. मुहम्मद अली–केन नॉर्टन तिसरी लढत, 28 सप्टेंबर 1976, यांकी स्टेडियम. पंधरा फेऱ्यांच्या शेवटी दोन जजांकडे अली 8–7, रेफरीकडे 8–6 आणि एक फेरी समसमान. म्हणजे शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा दोन्ही जजांच्या कागदावर 7–7 होतं. इकडे नॉर्टनच्या कोपऱ्यातून त्याला सांगितलं गेलं, की तू पुढे आहेस, जपून खेळ. तो जपून खेळला. तिघांनीही ती फेरी अलीला दिली. माझ्या कार्डावर ही लढत नॉर्टनची आहे, 8–7. पण पंधरावी फेरी मीसुद्धा अलीलाच दिली आहे. निकाल ऐकून नॉर्टन रडत रिंगबाहेर गेला. निकाल माहीत असूनही त्या फेरीची घंटा वाजली की मी दर वेळी पुढे सरकून बसतो. आता तरी हात उचल, असं वाटतं.

तुम्ही सुरुवात हॅगलर–लेनर्डनेच करा. यूट्यूबवर मिळेल. नावं आणि निकाल माहीत आहेत म्हणून अडत नाही, कोणती फेरी कोणाला गेली हे तुम्हाला माहीत नाही, तेवढं कोरेपण पुरतं. एकदा पेन्सिलने, एकदा पेनने. नववी फेरी मात्र थांबवू नका, सलग पाहा. दोघंही कोपऱ्यात अडकून, दमून, एकमेकांना सोडत नाहीत, आणि पारडं तीन मिनिटांत चार वेळा झुकतं. माझ्या वहीत त्या फेरीपुढे ‘हॅगलर’ लिहिलंय आणि शेजारी टिंब आहे, दोन्ही कार्डांवर. तुम्ही ती कोणाला दिलीत ते इथे खाली लिहा, कारणाच्या वाक्यासकट.