राकू भाजणीत एकाच झिलईची दोन भांडी इतकी वेगळी का निघतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, एकाच मातीच्या तीन वस्तूंना एकाच डब्यातील तांब्याची झिलई (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) लावून आपण त्या एकाच भट्टीत राकू पद्धतीने, म्हणजे लालभडक असतानाच बाहेर काढून भुशाच्या बंद डब्यात धुरावून, भाजल्या. एका वाडग्यावर तांब्याची लखलखीत झाक आली, दुसरा वाडगा मळकट हिरवा निघाला आणि पसरट ताट तर बाहेर काढताच तडकले. हा नशिबाचा खेळ समजून सोडून द्यावा, की यात आपल्या हाती काही असते, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम करते आणि सहा वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी हौसेने ही भाजणी करते. माझ्या अनुभवाप्रमाणे आपण ज्याला नशीब म्हणतो, त्यातील बराच मोठा भाग भट्टीचे झाकण उघडल्यापासून भुशाच्या डब्याचे झाकण लागेपर्यंतच्या काही सेकंदांत ठरतो.

प्रश्नात आपण या पद्धतीला प्राचीन जपानी धूरभाजणी म्हटले आहे, ते दुरुस्त करावे लागेल. सोळाव्या शतकात क्योतो येथे चोजिरो या कारागिराने चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी घडवलेल्या पेल्यांपासून राकूची परंपरा सुरू होते, आणि त्या परंपरेत पेला तापलेल्या भट्टीतून बाहेर काढला, तरी तो भुशात पुरत नाहीत. लालभडक भांडे पालापाचोळ्यात टाकण्याची कल्पना अमेरिकन कुंभार पॉल सोल्डनर यांची असून ती 1960 सालची आहे. आपणास हवी असलेली ताम्रझाक या दुसऱ्या, धुराच्या टप्प्यातच जन्म घेते. म्हणून कारणही तेथेच शोधावे.

झिलईतील तांबे भट्टीत ऑक्साइडच्या रूपात असते आणि त्या रूपात ते हिरवा किंवा निळसर हिरवा रंग देते. भांडे सुमारे 1000 अंश सेल्सिअसला, झिलई अजून वितळलेली असताना, भुशात गेले की भुसा पेट घेतो, बंद डब्यातील हवेचा प्राणवायू संपतो आणि जळण्यासाठी लागणारा उरलेला प्राणवायू धुरातील वायू झिलईतून ओढून घेतात. त्यामुळे ऑक्साइडचे पुन्हा धातुरूप तांबे होते. रसायनशास्त्रात यास क्षपण म्हणतात. भांडे हवेत जितके रेंगाळेल तितके ते निवते, झिलई गोठते आणि क्षपण अपुरे राहते. आता आपण आठवून पाहावे की दोन वाडग्यांपैकी आधी कोणता बाहेर काढला होता. चिमटा एकच असेल, तर पहिला वाडगा आठ-दहा सेकंदांत डब्यात गेला असेल, पण दुसरा तेवढा वेळ उघड्या भट्टीत निवत उभा होता, आणि त्याच्यासाठी डबा पुन्हा उघडला असल्यास आत ताजी हवाही गेली. माझा अंदाज आहे की हिरवा निघालेला वाडगा दुसरा असावा.

पांढऱ्या झिलईवर काळ्या रेषांचे जाळे हवे असेल, तर मात्र हिशेब नेमका उलटा होतो. तेथे भांडे दहा-वीस सेकंद हवेत धरून झिलईला बारीक तडे जाऊ द्यावे लागतात, म्हणजे धुरातील काजळी त्यांत शिरते. हे ठाऊक नसताना मी वर्षभर दोन्ही प्रकारची भांडी एकाच डब्यात घालत होते आणि दर वेळी एकाचा बळी जात होता. तेव्हापासून प्रत्येक भांड्याच्या तळाशी क्रमांक कोरते, भाचा शेजारी उभा राहून मोठ्याने सेकंद मोजतो आणि वहीत क्रमांक, भट्टीतील जागा, सेकंद, जळण व वारा यांची नोंद होते. हिशेबनिसाची खोड म्हणा हवे तर. पण त्या वहीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही कार्यशाळेने शिकवले नाही.

जळणाच्या बाबतीत मी एकदा चांगलीच फसले. कारखान्यात सुताचा कचरा फुकट मिळतो म्हणून लाकडी भुशाऐवजी तोच डब्यात भरला; त्यात पॉलिस्टरचे धागे मिसळलेले होते, ते वितळून झिलईला चिकटले आणि घुसमटवणाऱ्या धुरामुळे शेजाऱ्यांची बोलणी खावी लागली. निव्वळ कापसाचे सूत चालते, पण ते भपकन जळून संपते. म्हणून आता तळाशी वखारीतील कोरड्या भुशाचा जाड थर, वर मूठभर सूत आणि उसाचे थोडे पाचट असे भरते. पावसाळ्यात भुसा दमट होतो, पेट घेण्याऐवजी वाफ सोडतो, आणि त्या महिन्यांतील माझ्या नोंदी बहुतेक निराशेच्याच आहेत. दुपारचे ऊनही नडते, कारण वितळलेल्या झिलईची चमक उजेडात दिसत नाही. झिलई आधी खडबडीत होऊन बुडबुडते व मग ओल्या पृष्ठभागासारखी गुळगुळीत दिसू लागते, तो क्षण ओळखण्यासाठी मी सूर्यास्तानंतरच झाकण उघडते. उन्हाळ्यात सोलापूरच्या चाळिसाहून अधिक तापमानात दुपारी भट्टीपाशी उभे राहण्याचे धाडसही मला नाही.

ताट तडकण्याचे कारण वेगळे आहे. मातीतील क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) 573 अंशांच्या आसपास आपली रचना बदलते आणि त्याचे आकारमान एकाएकी कमी-अधिक होते. पसरट वस्तूची कड मध्यभागापेक्षा लवकर निवते, त्यामुळे एकाच ताटाचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी आकसतात. आधीच भाजलेल्या मातीचा रवाळ चुरा 20 ते 30 टक्के मिसळलेली माती, सर्वत्र सारखी जाडी आणि गोलसर आकार यांनी हा धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. संक्रांतीच्या यात्रेत कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा करणाऱ्या आमच्या गावात या कामाच्या मातीची काय वाण असे आपणास वाटेल. परंतु येथील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, म्हणून मला तयार माती बाहेरून मागवावी लागते.

ही भांडी सच्छिद्र असतात आणि झिलईत तांबे असते, तेव्हा त्यांत खाणे-पिणे ठेवू नये. भट्टीच्या आतील सिरॅमिक लोकर (उष्णता अडवणारे तंतुमय अस्तर) हाताळताना मास्क लावावा, अंगावर केवळ सुती कपडे घालावेत आणि घरगुती गॅसचे सिलिंडर या कामासाठी वापरू नये.

पुढील भाजणीत सहा लहान, एकसारख्या वाट्या करून प्रत्येकीसाठी भुशाचा वेगळा छोटा डबा ठेवावा, हवेतील सेकंद तेवढे बदलावेत आणि बाकी काहीही बदलू नये. निवण्याआधी झाकण उघडण्याचा मोह टाळावा, कारण गरम तांबे हवेतील प्राणवायू पुन्हा घेते. एवढे करूनही इंद्रधनुषी पट्टा नेमका कोठे उमटेल हे मला आजवर ठरवता आलेले नाही, आणि उमटलेला पट्टाही कायम टिकत नाही: चकाकी न देणाऱ्या ताम्रझिलईचा माझा सर्वांत देखणा कुंभ, जो पहिल्या वर्षी मोराच्या पिसाऱ्यासारखा दिसत होता, तो फडताळावर ठेवल्या ठेवल्या हळूहळू तपकिरी होत गेला आहे.