जेवण पूर्वीइतकंच, तरी दोन वर्षांत सहा किलो वाढले. थायरॉइड असेल का?

बहुधा नाही, ताटाबाहेरचं तेल, साखर आणि कमी झालेलं चालणं हीच कारणं आधी तपासा. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे तर्री-पोह्यांवर आलेला एक मोठा चमचाभर तवंग साधारण १२० कॅलरींचा. तेवढी ऊर्जा खर्चायला बहुतेकांना जवळपास अर्धा तास झपाझप चालावं लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात नेमकं तेच बंद पडतं! सावजी रश्श्याचंही हेच. पोहे किंवा मटण सोडू नका, वरचं तेल काढून ठेवा. चहात दोन चमचे साखर आणि दिवसात चार चहा, म्हणजे आणखी दीडशेच्या आसपास कॅलरी. याला आपण जेवण म्हणत नाही, म्हणून हिशेबात धरत नाही.

घरात महिन्याला येणारं तेल माणशी भागून बघा. अर्ध्या लिटरच्या बरंच वर जात असेल तर सुरुवात तिथून करा. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा: पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर धोका आहे, काट्यावर आकडा काहीही असो.

मात्र सतत थकवा, बद्धकोष्ठता, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं असं असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) जरूर करून घ्या. थायरॉइडने वाढणारं वजन सहसा थोडंच असतं, त्यात पाण्याचा भाग मोठा. स्टेरॉइड किंवा इन्सुलिननेही वजन वाढू शकतं; ते चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.