सहाही पेशंटचं बीपी १२०/८०

‘धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी २२ वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. चार महिन्यांपूर्वी आरमोरीकडची एक पोरगी नर्सिंग असिस्टंट म्हणून हाताखाली आली. शिकायची हौसच नाही. सांगितलं की मान डोलावते, विचारत काहीच नाही. परवा चार्ट पाहिला, तर सहाही पेशंटचं बीपी १२०/८०! मी एक गोष्ट दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सांगायची माझी पद्धत नाही. हिला उभारी कशी द्यावी?’

– एक सिस्टर, नागपूर

सिस्टर, पत्र पोरीबद्दल आहे, पण मी अडकले तुमच्या त्या ‘पद्धती’त.

बाप्पा, सहाच्या सहा १२०/८०? आळशी पोरगी निदान कुठे ११८, कुठे १३० टाकून मोकळी होते. हिला धड खोटंही लिहिता येत नाही. तिला कानात काही ऐकूच येत नसणार, आणि तुम्हाला तिसऱ्यांदा विचारायची सोय नाही.

सुरुवातीला पुष्कळांना येत नाही. स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. चकती कोपराच्या आत, नाडी लागते तिथेच. हवा सरकन सोडली की पहिला ठोका निसटतो. काटा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच उतरायला हवा. तुमचे हात हे झोपेतही करतील, म्हणून दोनदा सांगितलं की झालं असं तुम्हाला वाटतं.

तिने केलं ते वाईटच. त्या सहांत एखाद्याचं २०० असतं तर? पण चार महिन्यांत चार्ट तुम्हाला परवाच दिसला का?

उद्या ड्यूटीच्या अर्धा तास आधी तिला घेऊन बसा आणि स्वतःचा दंड पुढे करा. आधी तुम्ही मोजा, आकडा मनात ठेवा. मग तिला म्हणा, ‘ऐकू नाही आलं तर तसं सांग, मी रागावणार नाही.’ आणि खरंच रागावू नका. नाही आलं म्हणाली, की हवा पूर्ण सोडून मिनिटभर थांबा आणि दंड पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा. लागलं तर परवाही, तेरवाही. तिचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळायला लागेपर्यंत वॉर्डातली बीपी तुम्हीच घ्या. उभारीचं नंतर पाहू.

आणि तुमचं स्वतःचं किती निघालं तेही कळवा. पत्रावरून तरी १२०/८० वाटत नाही.