सहा पांढरे ठिपके असलेला काळा भुंगेरा विषारी आहे का?

परभणीजवळ शेताच्या बांधावर तुम्हाला दिसलेला, पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा काळा भुंगेरा वर्णनावरून ॲन्थिया सेक्सगटाटा (शास्त्रीय नाव) असावा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ॲन्थिया या प्रजातीतील (genus) बहुतेक जाती मात्र आफ्रिकेत आढळतात. तो चावून विष टोचत नाही, परंतु डिवचल्यास पोटाच्या टोकाकडील ग्रंथींतून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, आणि ती डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होत असल्याने डोळे लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावेत. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातल्या एका सरड्याची पिल्ले तर भक्षकांना चकवण्यासाठी, याच्या आफ्रिकी भाईबंदांसारखी दिसावीत म्हणून पाठ कमानीसारखी करून चालतात! पिकाला त्याचा उपद्रव नाही, कारण तो जमिनीवर धावून इतर कीटकांची शिकार करतो. त्याच्यासाठी फवारणी करू नये.