आधी पट्टा ओला कर

गप्पा मारत धावता येतंय आणि घड्याळ हृदयाचे ठोके मिनिटाला १९० दाखवतंय, तर बहुधा छातीवरचा ठोके मोजणारा पट्टा कोरडा आहे. हृदयाचे विद्युत संकेत टिपायला ओल लागते. थंडीत घाम उशिरा फुटतो, तोवर आकडे उड्या मारतात. आतल्या दोन्ही रबरी पट्ट्यांना बोटाने नीट पाणी चोळ, मगच बांध. छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, दीर्घ श्वास घेता येईल पण उडी मारली तरी सरकणार नाही इतका घट्ट. फडफडणारा सिंथेटिक टी-शर्टही स्थिर विजेने गोंधळ घालतो.

तरी शंका वाटली तर थांबून लगेच नाडी १५ सेकंद मोज, चारने गुण. आकडा खराच निघाला किंवा गरगरलं, तर पुढे धावू नकोस, डॉक्टरांना दाखव.

घरी आल्यावर पट्ट्यावरचा सेन्सर काढून ठेव, नाहीतर ओल्या पट्ट्यावर बॅटरी उतरत राहते.