‘जगण्याचे भाकीत करणारे रक्तातील मार्कर’ हे मराठीत कसे म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: एका वैद्यकीय लेखाचा मराठी गोषवारा लिहिताना ‘प्रौढ सेप्सिसग्रस्तांमध्ये जगण्याचे भाकीत करणारे जैवचिन्हक’ असे वाक्य तयार झाले. (सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन जिवावर बेतणारी अवस्था; जैवचिन्हक म्हणजेच मार्कर, इथे रक्तात मोजता येणारा घटक.) शब्द सगळे मराठी, पण वाचताना अडखळायला होते. नेमके काय खटकते?

मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘भाकीत’.

‘भाकणे’ म्हणजे बोलणे, तोंडाने उच्चारणे. करुणा भाकतात, भविष्य भाकतात. ‘आणाभाका’मधली भाक म्हणजे दिलेला शब्द. त्यामुळे भाकिताला बोलणारा माणूस लागतो आणि एकदा उच्चारले की ते खरे तरी ठरते, नाहीतर खोटे तरी. रक्तातल्या घटकाचे तसे नसते. लॅक्टेट हा सेप्सिसमध्ये रक्तात वाढणारा असाच एक घटक. लॅक्टेट जास्त असलेल्या शंभर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण लॅक्टेट कमी असलेल्या शंभरांपेक्षा मोठे असते, एवढेच तो सांगू शकतो. त्या शंभरांतला समोरच्या खाटेवरचा माणूस कोणत्या बाजूला जाईल, हे त्याला ठाऊक नसते.

हे मी कोशातून शिकलो नाही. माझे मामा अतिदक्षता विभागात होते तेव्हा मामी वहीच्या मागच्या पानावर रोजचे आकडे लिहायची. लॅक्टेट 5.1, खाली 3.8, खाली 2.4. पहिल्या दिवशी एका नातेवाइकाने ‘रिपोर्टने सांगितलंय, काही खरं नाही’ असे सगळ्यांना कळवून टाकले होते. डॉक्टर मामीला म्हणाले, “काकू, एकटा आकडा बघू नका. तो उतरतोय का, ते बघा.” मामा घरी आले. पण ते घरी आले म्हणून 5.1 हा आकडा खोटा ठरला, असेही नाही. त्या आकड्याने धोका दाखवला होता आणि धोका खरोखरच होता. ‘भाकीत’ म्हटले की नेमका हाच फरक पुसला जातो. म्हणून ‘अंदाज’ म्हणा, ‘जोखीम’ म्हणा. संख्याशास्त्राच्या मजकुरात ‘पूर्वानुमान’ही चालेल, पण गोषवाऱ्यात ‘अंदाज’ पुरेसा आहे.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द नाही का, असेही विचारले आहे. आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. चरकसंहितेत व्याधींची सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि अनुपक्रम अशी वर्गवारी आहे. याप्य म्हणजे पूर्ण बरा न होणारा, पण उपचारांनी आवाक्यात राहणारा. ‘साध्यासाध्यता’ हा शब्द या विचारातूनच आलेला, आणि रोगाचा पुढचा कल या अर्थाने तो आजही सुरेख बसतो. मृत्यू सुचवणाऱ्या लक्षणांना मात्र तिथे ‘अरिष्ट’ म्हटले आहे. फळाआधी फूल दिसावे तसे मरणाआधी अरिष्ट दिसते, अशी तिथली उपमा आहे, आणि खरे अरिष्ट उमटले की मरण टळत नाही, असे त्या ग्रंथाचे म्हणणे. म्हणजे अरिष्टात खात्री आहे. रक्ततपासणीत ती नाही, म्हणून मोह झाला तरी हा शब्द इथे नको.

आता ‘मार्कर’. ‘जैवचिन्हक’ कागदावरच राहतो, कोणाच्या तोंडी येत नाही. ‘निर्देशक’ बरा आहे, पण त्यात बोट ठामपणे रोखलेले दिसते. माझी पसंती ‘सूचक’ला. मराठीत ‘सांगणे’ आणि ‘सुचवणे’ यांत फार मोलाचे अंतर आहे आणि हे घटक खरोखर सुचवतातच. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यकृतात तयार होते आणि संसर्गात वाढते, पण शस्त्रक्रियेनंतर वा मोठ्या दुखापतीनंतरही वाढते. प्रोकॅल्सिटोनिन हा रक्तातला आणखी एक घटक जिवाणूंच्या संसर्गाकडे अधिक झुकतो, तरी 2021 च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शक सूचना प्रतिजैविके कधी सुरू करायची हे त्यावरून ठरवू नका म्हणतात; ती कधी थांबवायची हे ठरवताना, रुग्ण तपासण्याच्या जोडीने, त्याचा उपयोग सुचवतात. लॅक्टेटचे तर नावच दुधावरून आले. लॅक्टिक आम्ल आंबलेल्या दुधातून प्रथम वेगळे केले गेले, म्हणून मराठीत ते दुग्धाम्ल. सेप्सिसमध्ये ते वाढते त्याचा दुधाशी संबंध नाही. पेशींची ऊर्जा मिळवण्याची घडी विस्कटते, यकृताकडून त्याचा निचरा मंदावतो, अशी कारणे त्यामागे असतात. गोषवाऱ्यात म्हणून ‘दुग्धाम्ल’ नको, ‘लॅक्टेट’च ठेवा; रिपोर्टवर तेच छापलेले असते.

‘सेप्सिस’ही तसाच ठेवावा. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ सडणे, कुजणे. त्यावरून संस्कृत ‘पूति’ घेऊन ‘पूतिता’ घडवता येतो, आणि आपला ‘पू’ त्याच कुळातला. पण 2016 च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे कुजणे नव्हे. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवांचे काम बिघडते आणि जिवावर बेतते, ती अवस्था. ‘रक्तात विष भिनले’ म्हटले की सगळा दोष बाहेरच्या विषावर जातो आणि शरीराचा स्वतःचा वाटा दिसेनासा होतो. जखमेत पू झाला की आपण ‘सेप्टिक झालं’ म्हणतो, ती गोष्टही वेगळी.

‘प्रौढ’ वाचून डोळ्यांपुढे पन्नाशीचा माणूस येतो. अभ्यासात विशीतलाही असतो. सरळ ‘18 वर्षांवरील रुग्ण’ लिहा. हा तपशील गाळू नका, कारण मुलांसाठीचे निकष वेगळे आहेत. ते 2024 मध्ये प्रसिद्ध झाले.

राहिला ‘जगणे’. मराठीत संकटातून माणूस ‘वाचतो’, संकट सरलेले नसताना ‘तगतो’, आणि ‘जगतो’ तो त्यानंतरचे आयुष्य. अशा अभ्यासांत बहुधा एक ठरलेला दिवस धरतात, पुष्कळदा 28 वा, आणि त्या दिवशी रुग्ण हयात आहे की नाही एवढेच नोंदवतात. तो घरी गेला की अजून कृत्रिम श्वासावर आहे, हे त्या नोंदीत येत नाही. तेव्हा तक्त्यात ‘28 व्या दिवशी हयात’ हे सर्वांत प्रामाणिक. वाक्यात ‘वाचण्याची शक्यता’ चालेल.

मी वाक्य असे लिहीन: ‘सेप्सिस झालेल्या 18 वर्षांवरील रुग्णांची वाचण्याची शक्यता किती, याचा अंदाज देणारे रक्तातील सूचक’. मूळ लेखात मृत्यूचे प्रमाण मोजले असेल तर ‘वाचण्याची शक्यता’ काढून ‘मृत्यूची जोखीम’ घाला. आणि पुढे क्रियापद येईल तिथे ‘लॅक्टेट ठरवते’ नको, ‘लॅक्टेटवरून अंदाज येतो’ असे लिहा.