चार व्हायोलिनं तोच तुकडा वाजवत राहतात, त्यात ऐकायचं काय?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या 'व्हायोलिन फेज' या रचनेमध्ये एकच तुकडा घोळवत बसतात, त्यात ऐकायचं काय आणि वाजवणाऱ्याला अवघड काय. मी व्हायोलिन वाजवतो. या रचनेत व्हायोलिनं एकमेकांपासून हळूहळू सरकतात. हे सरकणं एका मैत्रिणीबरोबर बरेच महिने घोटलंय, म्हणून आधी अवघड काय ते सांगतो.

दोघांनी तुकडा अगदी एकत्र सुरू करायचा. मग एकानं लय तशीच धरायची आणि दुसऱ्यानं केसभर पुढे सरकायचं. सुरुवातीला आवाज नुसता जाड होतो. मग प्रत्येक सुराला दुसरी कड फुटते, पाठोपाठ प्रतिध्वनी ऐकू येतो, पुढे सगळाच गुंता. आणि अचानक दोन्ही तुकडे एका मात्रेच्या अंतरावर खट्‌कन बसतात. त्या गुंत्यात कान जोडीदाराकडे ओढला जातो, गज नकळत तिच्या लयीत जातो आणि सरकणं तिथंच संपतं. लहानपणापासून आपल्याला जुळवून घ्यायलाच शिकवलेलं असतं ना! पुढे सरकणाऱ्यापेक्षा जागेवर राहणाऱ्याचं काम मला जास्त कठीण गेलं.

राइशला ही गोष्ट सापडली ती यंत्रांमुळे. 1965 मध्ये एका धर्मोपदेशकाच्या आवाजाची टेप तो दोन यंत्रांवर एकदम वाजवत होता. यंत्रांचा वेग किंचित वेगळा पडला आणि आवाज एकमेकांपासून सुटत गेले. 1967 मध्ये त्यानं हेच माणसांच्या हातांत दिलं, आधी पियानोवर, मग व्हायोलिनवर. 'व्हायोलिन फेज' चार वादक मिळून वाजवू शकतात, नाहीतर एकच वादक आपल्याच आधी टेप केलेल्या तीन व्हायोलिनांसोबत वाजवतो. हा दुसरा प्रकार मला जास्त भावतो, कारण स्वतःच्याच आवाजापासून वेगळं व्हावं लागतं.

आता ऐकायचं काय? पुढच्या वेळी फक्त खालचे सूर धरा. व्हायोलिनं एकमेकांपासून सरकली की चौघांचे खालचे सूर कानात एकत्र गोळा होतात आणि त्यांची एक वेगळीच धून तयार होते. ती कुणा एकाच्या हातात नसते. वरच्या सुरांची आणखी निराळी. राइशनं या धुनी वादकाला हेरायला लावल्यात: त्यातली एक निवडायची, इतक्या हळू सुरू करायची की ती आधीपासूनच तिथे होती असं वाटावं, मोठी करायची आणि पुन्हा विरघळू द्यायची. किती आवर्तनं घ्यायची याचीही स्वरलिपीत साधारण मर्यादाच असते. नेमका आकडा वादक त्या दिवशी ठरवतो.

फिलिप ग्लास या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराची चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, ऐकून तुम्ही हे शोधलंत तर मात्र सापडणार नाही. त्याच्याकडेही तुकडे पुन्हा पुन्हा येतात, पण असं सरकणं नसतं.

हेडफोन लावून, दुसरं काही न करता ऐका. सहा-सात मिनिटांनी एखादी धून ऐकू आली की ती कोण वाजवतंय ते शोधून पाहा. मी अजूनही दर वेळी शोधतो.